सिकलसेलची तपासणी झाली, समजावून कोण सांगणार?

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या बिघाडाचा, आईवडिलांच्या जनुकांतून येणारा रक्ताचा आजार. त्यात वेदनेचे झटके येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या शिबिरात सिकलसेलची पहिली तपासणी होते ती बहुतेक वेळा सोल्युबिलिटी टेस्टने. बोटाला सुई टोचून घेतलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात. थोड्या वेळाने नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. टेस्ट स्वस्त आहे, कुठेही करता येते. पण तिला एवढंच कळतं की या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलंय) की त्याला आजार आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते. तो रिपोर्ट मोठ्या केंद्रातून यायचा असतो. तो येईपर्यंत त्या घरात फक्त 'पॉझिटिव्ह' एवढंच पोचलेलं असतं, आणि कोरोनाच्या दोन वर्षांनंतर पॉझिटिव्ह म्हणजे आजारी, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आता याच गावातल्या वाचकाच्या हाती पडणारं वर्तमानपत्र बघा. जिल्हा पानावर बातमी असते: सिकलसेलचे इतके हजार रुग्ण आढळले. आत वाचलं तर त्या आकड्यात वाहकही मिळवलेले असतात. वाहक हा रुग्ण नाही. त्याचं आयुष्य सर्वसाधारणपणे इतरांसारखंच जातं, त्याला औषध लागत नाही. पण बातमीने त्याला रुग्णांच्या रांगेत उभं केलं, आणि ती बातमी त्याच्या होणाऱ्या व्याह्यांनीही वाचली.

हा प्रश्न आता थोड्याथोडक्या लोकांचा राहिलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, अमरावती, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आजार आहेच. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान या समाजांत तो आहे, तसा विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. ७ कोटी लोकांना त्यांच्या जनुकांबद्दल काहीतरी सांगितलं जात आहे, आणि ते त्यांच्या लग्नाशी, मुलाबाळांशी, घरातल्या सुनेच्या वाट्याला येणाऱ्या बोलण्याशी जोडलेलं आहे. तपासणीसाठी किट आहेत, उद्दिष्टं आहेत, पोर्टल आहे. समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र आशाताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत आणखी एक पत्रक टाकून पुरी झाली असं आपण मानतो.

माझं म्हणणं असं की जीवशास्त्र, आरोग्य आणि जनुकविज्ञान यांवर पूर्णवेळ, पगारी आणि स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हा आरोग्यसेवेचाच एक भाग आहे. मराठीत ही जागा जवळपास रिकामी आहे आणि ती रिकामी राहिल्याची किंमत लोक भरतात.

समजावून सांगणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने बघू. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुकं निर्दोष असण्याची २५ टक्के. पत्रकात हे छापलेलं असतं. पण 'चारांत एक' असं ऐकलेलं जोडपं हिशोब करतं: पहिल्या मुलाला झाला, म्हणजे आता पुढच्या तिघांची काळजी नाही. हा हिशोब चुकतो तो इथे: डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक काढली, वाचली आणि परत डब्यात टाकली. पुढच्या वेळी पुन्हा चारच चिठ्ठ्या असतात. पहिल्याला काय निघालं याचा दुसऱ्याशी संबंध नाही. चारही मुलं निरोगी होऊ शकतात, चारही आजारी होऊ शकतात. आणखी एक गोष्ट पत्रकात सहसा नसते: वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर मुलांपैकी कुणालाही सिकलसेल ॲनिमिया होत नाही, प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. (समोरच्याला थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचं, जनुक असेल तर गणित बदलतं, म्हणून दोघांचीही पूर्ण तपासणी व्हायला हवी.) म्हणजे वाहक मुलीचं लग्न व्हायला काहीही आडकाठी नाही. आडकाठी येते ती अर्धवट माहितीची.

आणि हो, दोष दोघांकडून येतो. आजारी बाळाला एक जनुक आईचं, एक बापाचं मिळालेलं असतं. हे वाक्य मराठी वर्तमानपत्रात शंभर वेळा छापून आलं तरी मला जास्त वाटणार नाही, कारण बाळ आजारी जन्मलं की बोट कुणाकडे दाखवलं जातं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तपासणी पुढे आणि समज मागे राहिली की काय होतं, याचा इतिहास आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी सिकलसेल तपासणीचे कायदे केले. त्यांचा रोख कृष्णवर्णीयांवर होता. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना तर कळला नाहीच, काही कायदे लिहिणाऱ्यांनाही कळला नाही. धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना प्रवेशबंदी केली होती, ती १९८१ साली उठली. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस या भागात साधारण चौथा हिस्सा लोक वाहक होते. तिथेही तपासणी झाली, समुपदेशन झालं. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर वाहकांना कलंक चिकटला होता, लोक आपला निकाल लपवत होते, आणि दोन वाहकांची लग्नं नुसत्या योगायोगाने जेवढी झाली असती तेवढीच होत होती. सगळा खटाटोप करून पदरात पडला तो कलंक. याउलट सायप्रसमध्ये थॅलेसेमियाबाबत समाज, चर्च, डॉक्टर, पालकांच्या संघटना सगळे बोलते झाले आणि आजारी बाळांचे जन्म जवळपास थांबले. त्या मार्गातही नैतिक पेच होते, कारण त्यात गर्भजल तपासणी आणि गर्भपात यांचा वाटा मोठा होता. पण लोकांना आपण काय निवडतोय हे निदान माहीत होतं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: हे काम डॉक्टरांचं आणि शास्त्रज्ञांचं आहे, पत्रकाराने यात कशाला पडायचं? डॉक्टरांनी जरूर लिहावं. मराठीत अनेक डॉक्टर मनापासून लिहितात आणि ते लेखन मोलाचं आहे. पण लायनस पॉलिंग यांचं उदाहरण मी विसरू शकत नाही. १९४९ साली सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. रेणूच्या पातळीवर उलगडलेला तो पहिला आजार. पॉलिंग यांना पुढे दोन नोबेल मिळाली, त्यातलं एक शांततेचं. याच पॉलिंग यांनी १९६८ साली लिहिलं की सिकलसेलसारख्या जनुकांच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर गोंदवून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. आजाराचा रेणू त्यांच्याइतका कुणाला कळला नव्हता. कपाळावर खूण घेऊन वावरणाऱ्या माणसाचं काय होईल, हे मात्र त्यांना कळलं नाही. संशोधक आपल्या विषयात उभा राहून बोलतो. त्या विषयाचा अभ्यास केलेला पण त्या वर्तुळाबाहेरचा, वाचकाच्या बाजूने उभा राहणारा कुणीतरी लागतोच.

संशोधकाला दोष देण्याचा हेतू नाही. व्यवस्थाच अशी आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने २० नामवंत विद्यापीठांनी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. हा अभ्यास २०१४ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढीव सल्ला होता. ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसाबद्दल ओढूनताणून निष्कर्ष काढले होते. पत्रकात हा प्राण्यांवरून माणसावर नेलेला फुगवटा असला तर ८६ टक्के बातम्यांत तो उतरला. पत्रक सरळ असलं तर १० टक्के बातम्यांत. म्हणजे उंदरांवरच्या प्रयोगाची 'कर्करोगावर रामबाण' अशी बातमी होते तेव्हा ती बहुधा उपसंपादकाच्या डोक्यातून आलेली नसते. ती विद्यापीठातूनच तशी निघालेली असते, आणि वाटेत मूळ निबंध उघडून बघणारं कुणी भेटलेलं नसतं. आपल्याकडे ती आधी इंग्रजी वृत्तसंस्थेकडे, तिथून मराठी डेस्कवर येते. रात्री दहाला पान लावणाऱ्या माणसाने निबंध वाचावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याला तेवढा वेळ देणारी आणि तेवढं शिकवणारी नोकरीच अस्तित्वात नाही.

हे किती महागात पडतं ते आपण एप्रिल २०२१मध्ये पाहिलं. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत लोक कोरोनाच्या रुग्णांसाठी प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव, मिळवायला वणवण करत होते. व्हॉट्सॲपवर रक्तगटासह विनवण्या फिरत होत्या. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष सप्टेंबर २०२०मध्येच जाहीर झाला होता आणि ऑक्टोबरमध्ये बीएमजेमध्ये छापूनही आला होता: प्लाझ्मामुळे आजार गंभीर होणं थांबत नाही, मृत्यूही कमी होत नाहीत. ती चाचणी आपल्याच देशातली, आपल्याच पैशाने केलेली होती. तरी प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांतून निघायला मे २०२१ उजाडला. महाराष्ट्रात त्याआधी जून २०२०मध्ये जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून 'प्लॅटिना' प्रकल्पाची घोषणा झाली होती. ती घोषणा पहिल्या पानावर होती. नकारार्थी निष्कर्षाला तशी जागा मिळाली नाही. आठ महिने तो निबंध कुणालाही वाचता येत होता. तो वाचून, त्याच्या मर्यादांसकट, मराठीत दर आठवड्याला सांगत राहणारा माणूस हवा होता. अशी माणसं असती तर आपल्या माणसासाठी धावाधाव करणाऱ्या किती घरांची ती शेवटची रात्र वेगळी गेली असती, असं मला आजही वाटतं.

कुठल्या बातमीला किती वजन द्यायचं, हेही या लेखकाचंच काम, आणि माझ्या मते सर्वांत अवघड काम. सिकलसेलमधलीच दोन उदाहरणं घेतो. १९८६ साली अमेरिकेत एका चाचणीचा निष्कर्ष आला. सिकलसेल असलेल्या तीन वर्षांखालच्या २१५ मुलांपैकी काहींना रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन दिलं, काहींना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. पेनिसिलिनने न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली. तिथे नवजात बाळांची तपासणी सर्वत्र सुरू होण्यामागे हा निष्कर्ष आहे: आजार जन्मतःच कळला तर साध्या, जुन्या, स्वस्त औषधाने मूल वाचतं.

दुसरं उदाहरण कॅसजेव्हीचं. क्रिस्पर या जनुकांत नेमका बदल करणाऱ्या तंत्रावरचा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने ८ डिसेंबरला. रुग्णाच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांचं एक जनुकीय नियंत्रण बदलतात, म्हणजे गर्भावस्थेत असतं तसं हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवू लागतं. विज्ञान म्हणून हे थक्क करणारं आहे आणि ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतल्या बहुतेकांची वेदनेतून सुटका झाली, हेही खरं. पण बदललेल्या पेशी परत घालण्याआधी जोरकस केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात, आणि अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. भारतातही दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संशोधन संस्थेने क्रिस्परवर आधारित 'बिरसा १०१' हा उपचार विकसित केला आहे आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. मनापासून आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. म्हणूनच तिच्याबद्दल नेमके प्रश्न विचारले जायला हवेत. चाचणी कुठल्या टप्प्यावर आहे, किती रुग्णांवर, केमोथेरपी लागणार का, गडचिरोलीच्या रुग्णाला ती कुठल्या शहरात घ्यावी लागेल, नंतर किती वर्षं तपासण्या करणार आणि त्याचा खर्च कुणाचा?

आणि त्याच लेखात, त्याच ठळक टाइपात हेही यावं की हायड्रॉक्सियुरिया या जुन्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, ती आपल्या तालुक्यात सलग मिळते का, लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस मिळते का, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असूनही प्रमाणपत्रासाठी किती हेलपाटे पडतात. जनुकीय कात्रीची बातमी सगळे छापतात. गोळी संपल्याची कोण छापतो?

असा लेखक काय करू शकतो याची उदाहरणं जगात आहेत. नोव्हेंबर २०१८मध्ये चीनच्या शेन्झेनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने गर्भाच्या जनुकांत बदल करून बाळं जन्माला घालण्याचा घाट घातल्याचं जगासमोर आणलं ते अँटोनिओ रेगालाडो या पत्रकाराने. त्यांनी चिनी वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली कागदपत्रं शोधून वाचली होती. पुढे त्या संशोधकाला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. गोवराच्या लसीने स्वमग्नता येते हा १९९८चा खोटा दावा उघडा पाडण्यात ब्रायन डिअर या पत्रकाराचा वाटा मोठा. त्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं आणि २०१०मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने, जिथे तो दावा छापला गेला होता, तो निबंध मागे घेतला. या दोघांच्या कामात गुप्तहेरगिरी कमी आणि चिकाटीने कागद वाचणं जास्त आहे. भारतातही चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, कुणालाही बघता येते. महाराष्ट्रातल्या किती चाचण्या तिथे नोंदल्या आहेत, त्यांतल्या किती पूर्ण झाल्या आणि किती निष्कर्ष छापून आले, हे मराठीत नियमित कोण वाचतं?

मराठीला विज्ञानलेखनाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६पासूनची. पण या परंपरेने प्रामुख्याने सिद्ध झालेलं विज्ञान समजावून सांगितलं. ते आवश्यकच होतं. आज चालू असलेल्या, अजून नक्की न झालेल्या, पैसा आणि सत्ता गुंतलेल्या संशोधनाचं वार्तांकन ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला फावल्या वेळातला उत्साह पुरत नाही. क्रिकेटला पूर्णवेळ वार्ताहर असतो, विधिमंडळाला असतो. आरोग्यविज्ञानाला नसतो. वर तिथली रिकामी जागा रुग्णालयांच्या पैशाने लिहिलेले, लेखासारखे दिसणारे मजकूर भरून काढतात. वाचकाला ती जाहिरात आहे हे कळत नाही, आणि कळू नये अशीच मांडणी असते. हे मला सरळ सरळ फसवणूक वाटते.

'लोक आता वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात' हे कारण मला पटत नाही. व्हिडिओलाही आधी निबंध वाचलेला माणूस लागतो. 'यंत्राकडून भाषांतर करून घेऊ' हेही पुरत नाही. भाषांतर करायचं कशाचं? अमेरिकेतल्या लेखात नंदुरबारच्या पावरा कुटुंबाचा प्रश्न नसतो. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळालं म्हणून हे जनुक टिकून राहिलं, ॲलिसन या संशोधकाने हे १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवलं. सातपुड्यातल्या आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हे सांगण्याला फार मोठा अर्थ आहे. 'आमच्यात हे वाईट रक्त कुठून आलं' असं विचारणाऱ्या आजीला याचं उत्तर असं मिळतं की याच जनुकामुळे तिचे पूर्वज मलेरियातून तगले. हे तिथे राहून, तिथल्या लोकांशी बोलून, तिथल्या शब्दांत लिहिणारं कुणीतरी हवं.

पैसे कुठून यायचे? अभियानाच्या जनजागृतीच्या खर्चातला काही भाग फलक आणि रॅलींवरून वळवून शिष्यवृत्त्यांना देता येईल. अट एकच: मजकुरावर आरोग्य खात्याचा अधिकार नसावा, कारण याच लेखकाला उद्या त्याच खात्याच्या गोळीटंचाईवर लिहायचं आहे. म्हणून हा पैसा विद्यापीठामार्फत जावा. नागपूर, अमरावती, जळगाव इथल्या विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांनी शोधनिबंध कसा वाचायचा, जोखमीचा आकडा कसा मांडायचा, चाचणीची नोंद कशी शोधायची, हे सहा महिन्यांचं शिक्षण जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी सुरू करावं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या मुलामुलींना त्यात आधी घ्यावं, कारण तिथे मराठीतला उत्तम लेखही अर्ध्याच घरांपर्यंत जातो. आणि वृत्तपत्रांनी जिल्हा आवृत्तीत महिन्यातून दोन पानं जाहिरातमुक्त ठेवून त्यांना रीतसर पगारावर घ्यावं. तोपर्यंत प्रत्येक संपादकाने एक गोष्ट उद्याच्या अंकापासून करावी: सिकलसेलच्या बातमीत वाहक आणि रुग्ण यांचे आकडे वेगवेगळे छापावेत.